मावल्याजवळ उतरवलेल्या घोड्या

मी आदिलाबादला जनावरांची सरकारी डॉक्टर आहे. त्या दिवशी तलमडुगूकडच्या म्हशी तपासून परतत होते. उन्हाळ्यातली भर दुपार. मावला गावाशी, हायवेवरच्या धाब्यासमोर एक ट्रक उन्हात उभा होता आणि आतून पत्र्यावर लाथा बसत होत्या. मी स्कूटर लावली आणि मागच्या फळीवर चढून पाहिलं.

वरातीत नाचवतात तशा पांढऱ्या घोड्या, दाटीवाटीने कोंबलेल्या. तोंडं इतकी आखूड बांधलेली की मान खाली घालता येत नव्हती. मान खाली गेली नाही तर नाकातली धूळ, शेंबूड छातीत उतरतो आणि घोडं तापाने मरतं. एक घोडी तर खाली कोसळली होती. बाकीच्यांचे खूर तिच्या पोटावर पडत होते, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागाच नव्हती.

मालक धाब्यात कूलरसमोर जेवत बसला होता. राजस्थानहून हैदराबादला चालला होता.

"पानी कब पिलाया?"

"कल पिलाया था, मॅडम. पानी पिलाओ तो मूतते हैं, फिर फिसलते हैं. अब हैदराबाद में पिलाएंगे."

त्याच्या हातात थंड ताकाचा ग्लास होता. तो हिसकावून त्याच्या डोक्यावर ओतावा असं मला वाटलं.

पोलिसांना फोन केला. हवालदार आला, कागद चाळले. "कागजात सही हैं, मॅडम. जाने दो." मी त्याला दंडाला धरून ट्रकपाशी नेलं. "और ये जो नीचे पड़ी है, ये भी सही है?" तो दुसरीकडे बघू लागला. भोवती गर्दी जमली होती. सगळ्यांचे फोन वर, शूटिंग चालू. एकालाही बादलीभर पाणी आणावंसं वाटलं नाही! मी सगळ्यांवर ओरडले. तेही त्यांनी शूट केलं.

तेवढ्यात कडब्याची ट्रॉली घेऊन चाललेला एक शेतकरी थांबला. "काऊन ताई, काय झालं?" मी सांगितलं. "मंग उतरवा ना. थे समोरच आमचं वावर. बांध उंच हाये, फळी बरोबर टेकते. बोअरबी चालू हाये."

मी हवालदाराला बजावलं, ट्रक पुढे गेला तर रिपोर्टात तुमचं नाव येईल. तेव्हा कुठे तो हलला.

बांधाला फळी टेकवून एकेक घोडी उतरवली. पहिली उतरून नुसती थरथरत उभी राहिली. शेतकऱ्याच्या बायकोने बादली पुढे केली तसं तिने तोंड आत खुपसलं. "हळू गं माय, हळू," ती बाई म्हणत राहिली. मी तिला थोडं थोडंच पाजायला सांगितलं.

पडलेल्या घोडीला ताडपत्रीवर ओढून काढावं लागलं. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. मानेच्या शिरेतून सलाईन लावलं, चढवत राहिले. तिने एकदा पाय झाडले आणि संपली. मालक जवळ आला. मला वाटलं, निदान तिच्यावरून हात तरी फिरवील.

"बाकी वाली कब चढ़ाऊं?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घोड्या प्रवासाला लायक नाहीत असं मी लेखी दिलं. संध्याकाळी आमच्या साहेबांचा फोन आला. "कशाला भानगडीत पडता? तो वरपर्यंत ओळखीचा माणूस आहे." मी कागद मागे घेतला नाही. घोड्या त्या वावरातच राहिल्या, कडबा खाऊन सावरल्या. शेवटी मालकाला दोन गाड्या आणाव्या लागल्या. खाली तणस अंथरून घेतलं, दोर लांब ठेवून मी स्वतः बांधले. त्याने गाडीत बसता बसता मला शिवी दिली.

मेलेल्या घोडीची तक्रार ठाण्यात दिली होती. तिचं काय झालं विचारलं की "चौकशी चालू आहे" म्हणतात. आता त्या रस्त्यावर जनावरांचा ट्रक दिसला की मी स्कूटर आडवी घालते. ड्रायव्हर लोक मला पागल डॉक्टरीण म्हणतात. म्हणोत. आधी दोर सैल करा, पाणी पाजा, मग काय म्हणायचं ते म्हणा.