हँडलच्या टोकाचे दोन स्क्रू

मी देवीला अट घातली होती, हे आधी कबूल करतो. मोठ्याने म्हटली नव्हती. आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीखाली, गाडीपुढे स्टूल टाकून बसलो असताना मनात म्हटलं होतं: हे दोन स्क्रू निघाले तर येईन, नाही निघाले तर तुला मी नको आहे असं समजेन.

बायकोला जाऊन सहा महिने होत आले होते. ती श्रावणात गेली. तिच्या माहेरच्या देवीची जत्रा माघात असते. उरणच्या बाजूला, खाडीकाठचं लहानसं गाव आहे. लग्नानंतर एकाही वर्षी तिने देवीची ओटी चुकवली नव्हती. आधी स्कूटरवरून आणि गेली चौदा वर्षं या मोटरसायकलवरून आम्ही पहाटे निघायचो. वाटेत खाडीच्या बांधावर तिच्या वडिलांच्या जुन्या मिठागराची राखण करणारा एक शेंदूर लावलेला दगड आहे. पहिला नारळ त्याचा, मग देवीचा. त्या बांधावर बस जात नाही, रिक्षाही जात नाही. शेवटच्या आठवड्यात ती अंथरुणातून म्हणाली, "यंदा तुम्ही न्या ओटी. आणि गाडीनंच जा हो, बांधावरून." मी हो म्हणालो. त्या दिवसांत ती जे म्हणेल त्याला मी हो म्हणत होतो.

नंतर मात्र माझ्याने देवापुढे दिवासुद्धा लावला गेला नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. माझी भक्ती वाचण्यातली होती. हाताने करायची भक्ती सगळी तिच्याकडे होती. ती गेल्यावर पोथी उघडली की ओळी दिसायच्या, पण आत काही पोचायचं नाही. मेहुण्याचा फोन आला, "भावोजी, वर्ष झालेलं नाही अजून. यंदा नाही आलात तरी देवीआई समजून घेईल." त्याने प्रेमाने म्हटलं. मला मात्र त्यात सुटकेची वाट दिसली, आणि मी ती मनात जपून ठेवली.

दुसरं निमित्त हातांचं होतं. गेल्या हिवाळ्यापासून थंड वारा लागला की माझी बोटं पांढरी पडतात आणि त्यांतली जाणीव जाते. एकदा सिग्नलला क्लच दाबलाय की नाही हेच कळलं नाही. जाड हातमोज्यांत ते आणखी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "गाडी सोडा, नाहीतर बोटांना वारा लागू देऊ नका." मग मी हँडगार्ड आणले, मुठींपुढे बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ढाली. त्या बसवायच्या तर हँडलच्या दोन्ही टोकांची लोखंडी वजनं काढावी लागतात, आणि प्रत्येक वजन एकेका फुलीच्या स्क्रूने आवळलेलं असतं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दोनदा जोर लावला. स्क्रूड्रायव्हर दोन्ही वेळा घसरला. "काका, याची फुली गेलीय. ड्रिल मारून उडवावा लागेल. हँडलला काही झालं तर मला बोलू नका." मी गाडी परत आणली. जत्रा तीन दिवसांवर आली होती.

त्या सकाळी अकराच्या सुमारास मी स्वतः प्रयत्न करत होतो. खरं सांगायचं तर प्रयत्न केल्याचं समाधान गोळा करत होतो. स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, फिरवायचा, तो घसरायचा. फाटकाशी सावलीत एक मासेवाली पाटी उतरवून बसली होती. वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक खाली यायची वाट बघत असावी. पन्नाशीची, हिरवं लुगडं, केसांत अबोली. मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिच्याने राहवेना.

"मास्तर, कवाची बगतंय. त्याला काडताव का त्याची समजूत घालताव?"

"निघत नाही हो. गंजलाय."

"बगू." ती उठून आली, वाकली, नखाने स्क्रूच्या फुलीत खरवडलं आणि नख नाकाशी नेलं. "गंज नाय ह्यो. कुकू हाय."

मला कळेना. ती हसली. "आमचे होडीच्या इंजिनावर पन आसाच बसतो. नारली पुनवेला आमी बायका पूजा करतो, नि नवरे वरीसभर आमाला शिव्या घालतान. पाना बसत नाय ना मंग! कोन लावतं ह्यो?"

"माझी बायको," मी म्हणालो. "श्रावणात गेली ती."

ती बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढत हळूच म्हणाली, "मंग जपून काडू. गरम पानी आना जरा."

मी वर जाऊन किटलीत पाणी उकळून आणलं. ती म्हणाली तसं मी बारीक धारेने ओतत राहिलो आणि ती पिनेने कोरत राहिली. आधी काळं निघालं, मग लाल, मग परत काळं, परत लाल. ते काळं माझं होतं. दर दिवाळीआधी मी गाडीला पॉलिश करतो आणि हँडलची टोकंही काळी चकचकीत करतो. त्याआधी दसऱ्याला बायकोने तिथे हळदकुंकू भरलेलं असायचं, तुपात कालवून, गळू नये म्हणून. त्या टोकांना ती गाडीचे हात म्हणायची. "आपल्याला धरून नेतात ना," म्हणायची. तिच्या कुंकवावर माझं पॉलिश, त्यावर पुढच्या वर्षीचं कुंकू. आमच्या संसाराचा चौदा वर्षांचा थर त्या एवढ्याशा खोबणीत दगडासारखा बसला होता, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावरच टेकून घसरत होतं. खालची फुली जवळजवळ नव्यासारखी होती.

"आता आदी ठोका, मंग फिरवा," ती म्हणाली. "सगला जोर दाबायला लावा, फिरवायला थोडाच."

हातोडीने दोन ठोके दिले. अंगाचा भार टाकून दाबलं. कट्‌ असा आवाज झाला आणि स्क्रू हलला.

मला आनंद झाला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. पहिल्यांदा मला भीती वाटली. आता न जायला कारण उरलं नव्हतं. ती म्हणाली, "झाला ना? दुसरा तुमचे तुमी काडा. माजी मासली बसलीय ताटकलत." आणि पाटीकडे गेली. आभार मानावेत एवढंही मला सुचलं नाही. दुसरं टोक कोरून होईपर्यंत ती निघून गेली होती. वॉचमन म्हणाला, रोजची मासेवाली आजारी आहे, ही तिची भावजय, आजच्यापुरती आली होती. त्यात काही गूढ नाही, आणि मला ते शोधायचंही नाही. एवढंच सांगतो, की ज्या बाईला त्या लाल रंगाचा अर्थ कळत होता, ती त्या दिवशी तिथे बसली होती. मला तो कळला नव्हता. चौदा वर्षं मी त्यावर ब्रश फिरवत होतो.

दोन्ही हँडगार्ड दुपारपर्यंत बसले. त्या पाण्याने माझी बोटं लाल झाली होती. मी ती लगेच धुतली नाहीत. संध्याकाळी त्याच हातांनी देवापुढे दिवा लावला.

जत्रेच्या पहाटे निघालो. खाडीवर धुकं होतं, वारा चांगलाच बोचरा होता, पण मुठींवर तो आला नाही. क्लच बोटांना शेवटपर्यंत कळत होता. मागची सीट हलकी होती, तेही कळत होतं. बांधावर पहिला नारळ फोडला. देवळात मेहुण्याच्या बायकोने ओटी भरली आणि नारळ माझ्या हातात दिला, "तुम्ही ठेवा, ताईंच्या वतीने." देवीला विचारायचा एक प्रश्न मी सहा महिने घोळवत आणला होता: माझ्याआधी तिला का नेलंस. नारळ ठेवताना तो प्रश्न मनात होता, पण ओठांवर आला नाही. उत्तर मिळालं असं नाही. उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा हट्ट तेवढा गेला. शरण जाणं म्हणजे आपण काहीच करायचं नाही, असं पुस्तकं वाचून मी समजत आलो होतो. आता वाटतं, दाबायचं ते आपणच सगळं बळ लावून दाबायचं. कधी फिरेल हे मात्र आपण ठरवायचं नाही, आणि देवाला तर अटीत मुळीच बांधायचं नाही. मी घातलेल्या अटीचा आईने राग धरला नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन.

बाहेर प्रसादाच्या पंक्तीत मेहुणा माझ्या गाडीकडे बघत म्हणाला, "भावोजी, हे पुढे काय लावलंत? छान दिसतंय. पुढच्या वर्षी माझ्याही गाडीला बसवून द्या."

"देईन की," मी म्हणालो. "जत्रेच्या आदल्या दिवशीच येतो, आरामात बसवू."

ताटातला भात कालवताना लक्षात आलं, की श्रावणापासून मी पुढच्या वर्षाबद्दल पहिल्यांदाच काही बोललो होतो.