मुनीमबाईंना कमी पडलेले चारशे

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिला मुनीमबाई म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं, आता माझाच मला राग येतो. तिच्याकडे चार पाकिटं होती. जेवण, भाडं, पुस्तकं आणि परीक्षा. एकातली नोट दुसऱ्यात जाणार नाही म्हणजे नाही. संपलेली टूथपेस्ट कात्रीने कापून ती आतून पुसून घ्यायची आणि आम्ही खदाखदा हसायचो.

आम्हाला हसायला काय जात होतं? तिचे वडील इस्त्रीवाले. दिवसभर उभे राहून लोकांचे कपडे कडक करायचे. घरात ठरलेलं होतं, एका वेळी एकच मूल कॉलेजात. तिचं हे शेवटचं वर्ष, त्यानंतर धाकट्या भावाची पाळी. वर्ष हुकलं तर शिक्षण संपलं, इतकं ते सरळ होतं.

परीक्षेआधी दोन महिने तिला ताप भरला. आजारपणाचं पाकीटच नव्हतं. पाच दिवस तिने तो अंगावर काढला, सहाव्या दिवशी परीक्षेचं पाकीट फोडलं. मग बरी झाल्यावर एकच वेळ जेवून वाचलेले पैसे त्यात परत टाकत राहिली. विचारलं की म्हणायची, "पोट बिघडलंय गं." महिनाभर कुणाचं पोट बिघडतं का? पण माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

खोलीच्या गॅसचे, झाडू-साबणाचे पैसे तीच गोळा करायची. महिनाअखेरीला विचारायची, "तुझ्याकडे किती आहेत गं?" आम्ही बिनदिक्कत थाप मारायचो, "दमडी नाही." दोन दिवसांनी निमूट द्यायचो. तशी रीतच पडून गेली होती.

परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवसही नेमका महिनाअखेरीला आला. सकाळी मी केस विंचरत होते. तिने तेच विचारलं. मी वळूनसुद्धा न बघता म्हटलं, "दमडी नाही." कपाटात कपड्यांखाली नव्या बुटांसाठी ठेवलेले बाराशे होते. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी परतले तर ती फॉर्म मांडीवर घेऊन पलंगावर बसलेली. चारशे कमी पडले होते. कारकुनाच्या हातापाया पडून झालं, तो म्हणाला, पूर्ण भरा नाहीतर बाजूला व्हा. पाचला खिडकी बंद झाली.

"अगं, मग मला सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का तुझं?" मी तिच्यावरच खेकसले.

"विचारलं की सकाळी," ती म्हणाली. "तुझ्याकडे नव्हते ना."

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. खोली लहान, त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "भरलास ना गं फॉर्म? मी आता धाकट्याच्या प्रवेशाचं बघतो."

"हो बाबा, भरला."

तिने फोन ठेवला. मग परीक्षेचं पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुझे जेवणाचे वांधे असतील, यातले घे थोडे. मला आता लागणार नाहीत."

मी घेतले नाहीत. पण खरं सांगायची हिंमतही मला झाली नाही.