डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

डॉक्टरांच्या हातात ईसीजीची पट्टी होती. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावरचा आलेख. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि मला विचारलं, "आजी, आमच्या गोळ्यांशिवाय यांना काही दिलंत का?"

मी पिशवीतून डबा काढला.

ईशान, मीरा, तो चौकोनी बिस्किटांचा डबा तुम्ही पाहिला आहे. उरलेली औषधं मी त्यात ठेवते, प्रत्येकावर कशासाठी ते लिहून. गावाला जातानाही तो सोबत असतो.

श्रावणात अमरावतीला आजोबांना थंडी वाजून ताप आला. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचं होतं. पाचव्या दिवशी आजोबा म्हणाले, "आता कावून खाऊ? चांगला हिंडून राहिलो ना मी." उरलेल्या नऊ गोळ्या मी डब्यात ठेवल्या. पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

दिवाळीनंतर अकोल्याला काकाआजोबांकडे गेलो आणि तीच थंडी परतली. दवाखान्यात दाखल केलं, क्लोरोक्विन पुन्हा सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्या, व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात. प्रायमाक्विन त्यांच्यासाठीच असतं.

दुसऱ्या संध्याकाळी आजोबांच्या कमरेवरचं गजकर्ण खाजू लागलं. उन्हाळ्यापासून मी त्यावर कधी ट्यूब लावत होते, कधी कॅप्सूल देत होते. खाज थांबली की बंद. त्या संध्याकाळीही खिचडीबरोबर इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली. ते बुरशी मारणारं औषध. नर्सला सांगावं असं काही त्यात मला वाटलं नाही.

सकाळी ईसीजीत ठोके बिघडलेले दिसले. मी डबा दिल्यावर डॉक्टरांनी त्यातलं पाकीट वाचलं. "क्लोरोक्विन आणि हे, दोन्हींनी ठोके बिघडू शकतात. एकत्र तर जास्तच." मग आजोबांचा सदरा वर केला. गजकर्णाच्या वर्तुळात वर्तुळं उठली होती. "तुमच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे. खाज दबते, बुरशी पसरत राहते. अर्धवट औषधानं ती निर्ढावते."

दोन दिवस मॉनिटर लावला होता. मी स्टुलावर बसून त्याचा आवाज ऐकत होते. मधेच तो चुकायचा. आजोबांनी एकदा डोळे उघडले. "डबा कुठी आहे तुहा?"

"डॉक्टरांकडे."

"बरं झालं. नाही तं मलेच ठेवलं असतं त्यात, नाव लिहून."

मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ठोके ताळ्यावर आले. मग जी-सिक्स-पीडी, म्हणजे प्रायमाक्विन रक्ताला सोसेल का हे सांगणारी तपासणी, आणि पुन्हा चौदा दिवस. चौदावी गोळी त्यांनी माझ्यासमोर गिळली. गजकर्णाचं औषध अजून चालू आहे.

त्या डॉक्टरबाईंनी तो एक प्रश्न विचारला, म्हणून आजोबा आज ओट्यावर पेपर वाचत बसले आहेत. हे मी विसरणार नाही.

घरी आल्यावर आधी भाजीवाल्या विमलबाईंना गाठलं. तसलीच एक ट्यूब मी त्यांना दिली होती.

"ते तं धामणगावले गेली, काकू. पोरीच्या बारक्याच्या मांडीवर उठलं होतं. लय गुण आला म्हणे."

मी तिथेच फोन लावायला लावला. लेकराला त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं आणि ट्यूब परत मागितली. पोरगी म्हणाली, ती तर जावेनं माहेरी नेली.

माहेर कुठलं, ते तिला नीट सांगता आलं नाही. ट्यूबवर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: खाजेसाठी. लगेच आराम.