चवीपुरती खिचडी

खिचडीची चव घेणं हे माझ्या नोकरीतलं एकमेव काम होतं, जे मी वर्षानुवर्षं मनापासून केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना खिचडी वाढायच्या आधी एका शिक्षकानं ती खाऊन बघायची आणि वहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. आमचे गुरुजी लोक न खाताच सही ठोकायचे. मी मात्र ताट भरून घ्यायचे, वर कच्चा कांदा घ्यायचे, ते संपवून पुन्हा थोडी घ्यायचे आणि मग लिहायचे, 'चव चांगली'. मीठ कमी असलं तर तसं सांगायचे. आमच्या खिचडीच्या मावशींचा माझ्या जिभेवर इतका भरवसा, की मी 'मीठ' एवढं म्हटलं की त्या स्वतः न चाखता मूठ मोकळी करायच्या.

तेव्हा माझं वजन एकशे बारा किलो होतं. मॅडमनी चव घेतली की दहा पोरं उपाशी राहतात, असं गुरुजी म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर हसायचे. म्हणणाऱ्यांची स्वतःची पोटं पट्ट्यावरून खाली लोंबत होती. पण पुरुषाच्या पोटाला आपल्याकडं तब्येत म्हणतात, आणि बाईच्या पोटाला गावभर नाव असतं.

दुष्काळाच्या त्या साली दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला जाऊन पोट कापून घेतलं. पाच बारीक छिद्रं पाडून डॉक्टरांनी जठराचा बराचसा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी नळी ठेवली. 'पोट कापून' हा शब्द माझ्या आईचा. ती नांदेडलाच विष्णुपुरीकडं माझ्या भावाजवळ राहते. दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी बसून ती म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आमी पोटाला मिळावं म्हणून खडी फोडली. सरकारी सुकडी खाऊन तुझा बाप मास्तर झाला. अन् तू आयतं भरलेलं पोट कापून आलीस." मग तिनं तोंड फिरवलं आणि डबा उघडून स्वतःच जेवायला लागली.

आमच्या घरात नवस नव्हते, उपास नव्हते. वडील म्हणायचे, आपल्या आज्या-पणज्यांनी पुरेसे उपास केले आहेत, पुढच्या सात पिढ्यांचे धरून. धम्माची दीक्षा घेतलेल्या घरात भरलेलं ताट ही काही साधी गोष्ट नव्हती. ताटात काही टाकलं तर वडील रागवायचे नाहीत, नुसते ताटाकडं बघत बसायचे. त्यामुळं मी कधी टाकलं नाही. दोष त्यांच्यावर ढकलत नाही, ती खाण्याची हाव माझीच होती. पण आईचं ते वाक्य असं बसलं, की घराबाहेर कुणाला ऑपरेशनचं सांगायचं नाही हे मी त्याच खाटेवर ठरवलं. नवऱ्यालाही बजावलं.

शाळेत सांगितलं, गोड सोडलं, पहाटे चालायला लागले. मन घट्ट केलं.

लोकांची गंमत अशी की खोटं त्यांना चटकन पटतं. खरं सांगितलं असतं तर शंभर प्रश्न विचारले असते. उन्हाळ्यापर्यंत माझे छत्तीस किलो उतरले. ज्या गुरुजींना माझ्या खाण्याची काळजी होती, त्यांना आता माझ्या न खाण्याची लागली. "सुगर तर निघाली न्हाई ना?" असं ते चेहरा पाडून विचारायचे. शाळा खेड्यात, घर अहमदपूरला; तिथं आमच्या गल्लीतल्या बायका मला थांबवून हात लावून बघायच्या. एकीनं विचारलं, "नवरा काही बोलतो का?" मी म्हटलं, तो जेवायला बसला की माझ्याकडं बघतच नाही, बोलतो कुठला. तिला ते कळलं नाही, आणि मी समजावायच्या भानगडीत पडले नाही.

आत काय चाललं होतं ते मलाच माहीत. अर्धी वाटी वरण पाऊण तास चालायचं. एक घास जास्त झाला की छातीत दगड अडकायचा आणि मोरीकडं पळावं लागायचं. केस तर विंचरताना हातात यायचे. दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची, म्हणून मी भर मे महिन्यात लांब बाह्यांची पोलकी शिवली. पण सगळ्यात वाईट पाण्याचं होतं. मला पाणी घटाघटा पिता येत नाही. घोट घोट, तेही जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, आमच्याकडं टँकर येईल तो दिवस सणाचा, आणि लोक भरलेला तांब्या नरड्यात ओतताना मी बघत बसायचे. भाकरीची आठवण मला आली नाही. तांब्याची यायची.

आणि चव घेण्याचं काम? गरम, तिखट खिचडीचा एक चमचासुद्धा पोटात ठरायचा नाही. मग मीही न खाता सही ठोकायला लागले. ज्यांना इतकी वर्षं नावं ठेवली, त्यांच्याच रांगेत जाऊन बसले, आणि त्याची लाजही फार दिवस वाटली नाही.

दुष्काळ म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत खिचडी शिजवायचा हुकूम आला. शिक्षकांनी पाळीपाळीनं यायचं होतं. आमचे हेडमास्तर आणि बाकीचे गुरुजी त्या दिवसांत दुसऱ्याच कामात होते. आमच्या तालुक्याला नवा जिल्हा करा म्हणून अहमदपूरला आंदोलन चाललं होतं. प्यायला थेंब नाही आणि यांना कलेक्टर कचेरी पाहिजे होती. विचारलं तर म्हणायचे, जिल्हा झाला की सगळं होईल. कलेक्टर काय घागर घेऊन येणार होता का? त्यामुळं पाळी बहुतेक माझीच यायची. शाळेत मी, मावशी आणि ताटल्या घेऊन आलेली पोरं.

मावशी पन्नाशीच्या, माझ्या जुन्या मापाच्या. टँकर शाळेपर्यंत यायचा नाही, वेशीजवळ थांबायचा. तिथून घागरी आणायला दोन खेपा, मग चूल, मग खरकटी भांडी. गुडघे इतके सुजायचे, की चुलीपुढून उठताना त्या भिंतीला हात लावून देवाचं नाव घ्यायच्या. एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मॅडम, मला बी सांगा की. कसं केलं तुमी? गुडघ्यावरचं ओझं तरी उतरंल."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंडाशी आलंही होतं. पण समोरची बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तसं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी कुणीतरी मोठं काही करून दाखवलेली बाई होते. मी म्हटलं, "काही नाही मावशी. सकाळी चतकोर भाकरी, संध्याकाळी दोन घास. मन घट्ट लागतं, बस."

"मन घट्ट हाय माजं," मावशी म्हणाल्या. "सोमवार, गुरुवार, चतुर्थी, समदं धरते म्या."

आणि खरोखर होतं. त्या बाईनं माझं खोटं नेमानं पाळलं. रोज सकाळी आल्या की हिशेब द्यायच्या. "काल दोनच घास, मॅडम." "काल तर येकच." मी शाबासकी द्यायचे. चक्क शाबासकी. वर्गात पाढे म्हणणाऱ्या पोराला देतात तशी. माझ्या पोटाला त्यापेक्षा जास्त मावत नव्हतं. त्यांचं पोट साबूत होतं, भुकेनं कळवळत होतं, आणि वर डोक्यावर घागरी होत्या. पंधरा-वीस दिवसांनी मला दिसायला लागलं, की वाढताना त्या मधेच पळी ठेवून भिंतीला टेकतात. डोळ्यांखाली काळं आलं होतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या म्हणजे काय, हे शिक्षकाला कुणी शिकवायला नको. आम्ही पोरांना रोज तेच सांगतो.

चौथ्या की पाचव्या उद्याला टँकर उशिरा आला. मावशी उन्हात दोन तास वेशीला उभ्या होत्या. धावपळीत चूल पेटवली, आधण ठेवलं, आणि उकळतं पातेलं सरकवताना त्यांचा झोक गेला. आवाज आला तेव्हा मी वही उघडून आधीच सही करत होते. धावत गेले. मावशी चुलीशेजारी आडव्या पडल्या होत्या. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत लाल, आणि त्यावर वाफ.

शेजारच्या घरातून दोन बायका आल्या. पिण्यासाठी जपून ठेवलेली घागर आम्ही त्या हातावर ओतली. गावातली जीप मिळाली, मागच्या बाकावर मी आणि मावशी बसलो. हात ओल्या धडप्यात गुंडाळलेला. त्या रडल्या नाहीत. "खिचडी ऱ्हायली," एवढंच म्हणाल्या.

अहमदपूरच्या अलीकडं चौकात जीप थांबली. रास्ता रोको होता. रस्त्यावर सतरंज्या टाकून मंडळी बसली होती, आणि एकजण माईकवर सांगत होता की नव्या जिल्ह्यासाठी आम्ही रक्त सांडू. त्याच्या मागं मसालेभाताचं पातेलं उघडलेलं होतं. आमचे हेडमास्तर पत्रावळ हातात घेऊन रांगेत उभे होते. मी खिडकीतून हाक मारली. ते आले, हात बघितला, चुकचुकले आणि म्हणाले, "तहसीलदार निवेदन घ्यायला निघाल्येत. पाच मिनिटं थांबा, मॅडम. एवढ्यासाठी रास्ता रोको मोडला असं नाव नको व्हायला." मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी ऐकलं, कारण त्यांचा चेहरा बदलला, पण पत्रावळ काही त्यांनी खाली ठेवली नाही. ड्रायव्हर उतरून पोलिसाकडं वाट मागायला गेला.

जीपमध्ये आम्ही दोघीच उरलो. मावशींचे ओठ वाळले होते. माझ्याकडं पाण्याची बाटली होती, ती त्यांच्या तोंडाला लावली. त्या घटाघटा प्याल्या. अर्धी झाल्यावर त्यांनी तोंड बाजूला केलं आणि म्हणाल्या, "तुमी घ्या. तुमचं बी तोंड सुकलंय."

"मला असं पिता येत नाही, मावशी."

"कामून?"

मी पोलक्याचं टोक वर करून पोटावरचे डाग दाखवले. म्हटलं, "माझं पोट कापलंय, दिवाळीत, नांदेडला. मला दोन घासांच्या वर जातच नाही. मी मन घट्ट केलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

मावशी डागांकडं बघत राहिल्या. बाहेर माईकवर घोषणा चालू होत्या. मग त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, वर्गातलं पोरगं न कळलेली बेरीज विचारतं तशा.

"मग मला कामून उपाशी ठिवलं, मॅडम?"

चांगलं दिसायचं होतं म्हणून, असं म्हणता आलं असतं, पण भाजलेल्या हातासमोर ते कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी बाटलीचं बूच लावलं. ड्रायव्हर आला, पोलिसानं एका बाजूनं वाट करून दिली, आणि आम्ही दवाखान्यात पोचलो. तोवर मी सगळ्या जगाला तुच्छ समजत आले होते. तो अधिकार माझ्याकडून त्या अर्ध्या तासात गेला, आणि मला तो अजून पुरता परत मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगून टाकलं, माझं ऑपरेशन झालंय म्हणून. आठवडाभर त्यांनी त्यावर विनोद केले, मग पुन्हा जिल्ह्याकडं वळले. नवा जिल्हा काही झाला नाही. आईला फोन करून मावशींचं सांगितलं. ती म्हणाली, "बघ. तुझ्यामुळं आणखी एकीला बाहत्तर घडलं." आणि फोन ठेवला.

मावशी महिन्यानं परत आल्या. हातावर गुळगुळीत, फिकट कातडी आली होती. चेहरा थोडा भरला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी ताट भरून खिचडी आणली, वर चिरलेला कांदा, पूर्वीसारखी, आणि माझ्यापुढं ठेवली. वही मी उघडली होती.

"आधी खावा," त्या म्हणाल्या. "मग सही."

मी एक चमचा घेतला. बारीक चावला, वीस वेळा, पंचवीस वेळा. मावशी समोर उभ्या राहिल्या. पोरं ताटल्या वाजवत होती. घास खाली उतरला, आणि या वेळी राहिला.

"मीठ कमी आहे, मावशी," मी म्हटलं.

त्यांचा हात मिठाच्या डब्यावर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी पळीत खिचडी घेतली, फुंकर घातली, आणि आधी स्वतः चाखून बघितली.