तेलाची कुपी

शेजारच्या नानांनी डोंगर चढणारी इलेक्ट्रिक सायकल मागवली, तेव्हा जळगावात डोंगर कुठे, असं मी विचारलं नाही. सायकल सुटी, खोक्यातून आली. सोबतचं माहितीपुस्तक नानांनी ओट्यावर उघडलं आणि त्यावर बसून सायकल जोडली. "जन्मभर पाइपच्या कारखान्यात मशिनी सांभाळल्या, भाऊ. पुस्तक नवशिक्याले लागस."

तेव्हापासून रोज सकाळी ते तिला पुसतात, बॅटरी चार्जिंगला लावतात आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन तिच्याभोवती फिरतात. चालवत मात्र नाहीत. जे वाजेल त्याला तेल घालायचं, एवढं एकच शास्त्र त्यांना येतं, आणि त्यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे.

एकदा पुसताना चाक फिरवलं, तर ब्रेक करकरले. नानांनी ब्रेकच्या चकतीलाही मायेनं तेल पाजलं आणि मला म्हणाले, "एक चक्कर मारी ये, भाऊ. लोण्यासारखी चालस."

खरंच लोण्यासारखी चालली. रेल्वेच्या पुलाच्या उतारावर मी दोन्ही ब्रेक आवळले, तरी ती थांबेना. शेवटी एका केळीवाल्याच्या हातगाडीनं आम्हाला थांबवलं.

संध्याकाळी नाना मला बघायला आले. आमचं दार कुरकुरलं, म्हणून आधी त्यांनी बिजागरीला तेल घातलं आणि मग माझ्या खाटेशी बसले. "ब्रेकले इतलं जोरमा दाबतस का, भाऊ?"

मी पाय जवळ घेतला, तर सुजलेला गुडघा कटकन वाजला.

नानांचा हात खिशातल्या कुपीकडे गेला. मी गुडघ्यावर चादर ओढून घेतली.