चपला दाराबाहेर

मालक गेले आणि मुलाने मला नगरकडच्या आमच्या गावाहून परळला आणलं. पहिल्या रविवारी त्याने मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडलं. "आई, तू जा आत. मी जरा पडतो, रात्रपाळी झालीय," म्हणाला. मला एकटीला कुठे मिसळता येत नाही. पुढच्या रविवारी तरी माझ्याजवळ येऊन बस, हे त्याला घरी गेल्यावर सांगायचं मी ठरवलं.

आमच्या गावी चर्चमध्ये सतरंजीवर बसतात, बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या. मी सवयीने दारात चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. आत बघते तर सगळ्यांच्या पायांत बूट. मी टेकले त्या बाकावर एक माणूस बायकोमुलांना घेऊन बसला. मी सरकत सरकत खांबापाशी गेले.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, इंग्रजीत होती. शब्द कळत नव्हते, पण कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, ते कळत होतं. 'आमच्या स्वर्गातील बापा' मी ओठांतल्या ओठांत मराठीत म्हटलं. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा मी हात जोडले, तोवर पुढच्या बाकावरच्या बाई पाठमोऱ्या झाल्या होत्या. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत फरशी फार गार लागली.

बाहेर आले तर चपला नाहीत. लोक घोळक्याने बोलत होते, हसत होते. कोणाला विचारायचा धीर होईना. सगळे पांगेपर्यंत मी भिंतीला धरून उभी राहिले. मग झाडणारी बाई आली.

"तुमच्या काय त्या चपला, मावशी? कोपऱ्यात सारल्यात मी. लोकं अडखळत होती. इथं कोण काढत नाय!"

"गावाला काढतो आम्ही."

"मग माझी बदली करा तुमच्या गावाला. झाडायचं तरी कमी होईल," ती हसली.

तुम्ही कुठल्या, असं तिला विचारायचं होतं. पण ती झाडू घेऊन आत गेलीसुद्धा.

घरी आले तर मुलाने कूस बदलून विचारलं, "बोललं का गं कोणी तुझ्याशी?"

"बोलली एक बाई."

"बघ! म्हटलं नव्हतं, ओळखी होतील? उगाच घाबरत होतीस. आता तुझी तू जात जा."

त्याचा चेहरा एवढा मोकळा झाला, की माझं सांगायचं तोंडातच राहिलं.

"हो," मी म्हटलं, "रस्ता काय, सरळच आहे."