धर आणि सोड

आमचं नवरा-बायकोचं घर खासबागेत. मालक हार्मोनियम दुरुस्त करायचे, आणि नाताळ जवळ आला की कॅम्पातल्या चर्चचा मोठा ऑर्गन सुरात लावायचे. त्याला दोन माणसं लागतात. एकानं बाहेर पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं आत सूर देणाऱ्या नळ्यांच्या गर्दीत शिरायचं. त्यांचा जोडीदार वारला तेव्हा मला म्हणाले, "तू चल. नुसतं गप बसायचंय." गप बसणं मला कुठलं जमायला? पण गेले.

ऊन चढायच्या आत काम उरकायचं, कारण हवा तापली की सूर चढतो. चर्चचा माळी भाता हलवायचा. आतून हाक यायची, "धर." मी पट्टी धरायची. दोन नळ्या एकदम वाजायच्या. जुळत नसल्या तर आवाज हेलकावे खायचा. मालक नळीच्या टोकावरची पत्र्याची कडी हातोडीनं अलगद खालीवर सरकवायचे. नळीला बोट लावायचं नाही, हाताच्या उबेनंही ती फसवते. हेलकावे मंद होत थांबले की, "सोड." लग्नाच्या इतक्या वर्षांत भांडणाशिवाय आमचं एवढंच बोलणं झालं असेल.

लढाईच्या दिवसांतल्या एका नाताळात बारीक नळ्यांवर आलो. ते म्हणाले, "सोड." हेलकावा तर चालूच होता. मी बोट उचललं नाही.

"सोड की गं. बहिरी झालीस व्हय?"

"अवो, अजून हेलकावतंय."

आत हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते फळीआडून हळूच म्हणाले, "मला बारीक सूर ऐकू येईना झालाय. जुळला की पायाखालच्या फळीवर टाच आपट. माळ्याला कळाय नगं."

ह्या माणसाचा जीव कानात होता.

पुढं दरसाल माझ्या टाचेचं काम वाढत गेलं. आधी मधल्या नळ्या त्यांच्या कानातून गेल्या, मग जाड्या.

काम झालं की आम्ही चर्चच्या भिंतीला टेकून बसायचो आणि ऑर्गन वाजवणाऱ्या मडमेचा सराव ऐकायचो. तेवढीच त्यांची हौस. गोरे जाणार जाणार म्हणत होते, त्या साली असंच बसलो. आत सगळा ऑर्गन भरून वाजत होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

मालकांनी मला विचारलं, "कधी सुरू करनार गं ती?"

"करंल आता," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले.

आणि आतलं वाजणं संपेपर्यंत आम्ही दोघं वाट बघत बसलो.